चिकन सॅलडची गोष्ट: एमिली पोस्ट यांनी शिष्टाचाराचा धंदा कसा उभा केला



ग्रूमिंग आणि एटिकेट ट्रेनर व्हायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा सर्टिफिकेटचा असतो. कोणता कोर्स करू, कुठून करू, फी किती पडेल? प्रश्न रास्त आहे. पण मी त्यांना उलट विचारतो, तुमच्याकडे येणारा माणूस नेमके कशाचे पैसे देणार आहे? इथे गाडी अडते. "सर, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे," असं उत्तर येतं. आता पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट हे ब्रोशरवर छापायचं नाव झालं. त्या नावासाठी कोणी खिशात हात घालत नाही.

मग कशासाठी घालतं? याचं उत्तर शोधायला आपण आज शंभर वर्षं मागे, थेट अमेरिकेत जाणार आहोत. शिष्टाचार हा विषय विकून ज्यांनी पुस्तक, वर्तमानपत्र, रेडिओ आणि शेवटी एक संस्था उभी केली, त्या एमिली पोस्ट यांच्याकडे. आणि हो, त्यांच्याकडे या विषयाचं एकही सर्टिफिकेट नव्हतं.

मोठ्या घरची मुलगी, चव्हाट्यावर आलेला संसार

एमिली मोठ्या घरातल्या. वडील ब्रूस प्राइस नावाजलेले वास्तुविशारद. कॅनडातल्या क्युबेक शहरात शातो फ्रोंतनाक नावाचं किल्ल्यासारखं हॉटेल आहे, ते त्यांच्या आराखड्यावर उभं राहिलं. न्यूयॉर्कजवळची टक्सेडो पार्क ही धनिकांची वसाहतही त्यांचीच. अशा घरातली मुलगी लहानपणापासून कोणाच्या पंगतीत बसत असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. काटा कुठे ठेवायचा हे तिला शिकवावं लागलं नाही. आपल्याकडे मीठ पानाच्या कोणत्या बाजूला वाढायचं हे जसं घरात बघून येतं, तसंच ते.

१८९२ मध्ये एडविन पोस्ट या बँकरशी लग्न झालं, दोन मुलगे झाले. आणि मग नवऱ्याची बाहेरची प्रकरणं सुरू झाली. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये 'टाउन टॉपिक्स' नावाचं एक साप्ताहिक होतं. बड्या लोकांच्या भानगडी छापायच्या, किंवा न छापण्याचे पैसे घ्यायचे, असा त्याचा दुहेरी व्यवहार चालायचा. १९०५ मध्ये एडविनकडे पाचशे डॉलर मागितले गेले. त्यांनी ते दिले नाहीत, उलट पैसे घ्यायला आलेल्या माणसाला पोलिसांकडून पकडवून दिलं. सगळं प्रकरण वर्तमानपत्रांत आलं. एडविनची हिंमत म्हणायची, पण किंमत बायकोने मोजली. ज्या समाजात घटस्फोट हा शब्दही हळू आवाजात उच्चारला जायचा, तिथे एमिलींचा संसार साऱ्या शहरासमोर मोडला. त्याच वर्षी घटस्फोट झाला.

हा तपशील मी मुद्दाम सांगतोय. चारचौघांत मान खाली घालावी लागणं म्हणजे काय, हे या बाईंना पुस्तकातून कळलं नव्हतं. पुढे आयुष्यभर त्यांनी जे विकलं, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता असं माझं मत आहे.

मुलांची शिक्षणं होती, स्वतःचं उत्पन्न हवं होतं. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. त्या छापल्या गेल्या, थोड्याफार चालल्या, पण नाव व्हावं असं काही झालं नाही. घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं केली. १९१५ मध्ये एका मासिकासाठी मोटारीने न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असा प्रवास केला, गाडी चालवायला मुलगा होता. त्या प्रवासावरच्या पुस्तकात खर्चाचा हिशेबही दिला. मला या बाईंचं हे फार आवडतं. वाचणाऱ्याला 'किती लागतील?' हा प्रश्न पडणारच, मग तो टाळायचा कशाला?

म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्यांच्याकडे पंधरा-सोळा वर्षांचा लेखनाचा सराव होता, उच्च वर्तुळाची आतून माहिती होती आणि अजून हिट प्रॉडक्ट एकही नव्हतं.

मुलगी रोज चिकन सॅलडच का मागवते?

आता एमिलींना थोडं बाजूला ठेवू, कारण मार्केट त्यांच्याआधी दुसऱ्याच एका मुलीने उघडलं होतं. लिलियन आयकलर तिचं नाव. न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीत कॉपी लिहायची. वय विशीच्याही आत.

डबलडे या प्रकाशकाकडे शिष्टाचारावरच्या एका जुन्या पुस्तकाच्या प्रती पडून होत्या. त्या खपवायचं काम या मुलीकडे आलं. तिने पुस्तकाचे गुण सांगितलेच नाहीत. तिने माणसाची फजिती दाखवली. जाहिराती अशा चालल्या की पुस्तकं भराभर गेली. आणि भराभर परत आली! पैसे देण्याआधी पाच दिवस घरी वाचून बघा, अशी सोय होती. लोकांनी उघडून पाहिलं, तर आत विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा मजकूर. घोडागाडीच्या काळातले नियम मोटारीच्या काळात कोण पैसे देऊन घेणार?

मित्रांनो, मार्केटिंग शिकवताना मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. जाहिरात जिंकली, माल हरला. प्रकाशकाने मग शहाणपणा केला. नवीन पुस्तक लिहायचं काम त्याच मुलीला दिलं. ते १९२१ मध्ये आलं आणि खूप खपलं.

त्या पुस्तकाची एक जाहिरात आजही जाहिरातीच्या इतिहासात सांगितली जाते. एक तरुणी एका तरुणाबरोबर हॉटेलात जेवायला आली आहे. मेन्यू कार्ड हातात आहे, पण पदार्थांची नावं फ्रेंच. वाचता येत नाहीत, उच्चारायची तर त्याहून भीती. म्हणून ती पुन्हा एकदा चिकन सॅलडच मागवते. बस. एवढीच गोष्ट.

हसू येतं ना? पण कोल्हापूर किंवा लातूरहून पुण्यात नोकरीला आलेल्या मुलाला विचारा. मोठ्या कॉफी शॉपमध्ये ऑफिसच्या लोकांबरोबर पहिल्यांदा गेल्यावर त्याने काय मागवलं? "सेम फॉर मी" म्हणाला असेल. ते आपलं चिकन सॅलड.

एमिलींचं पुस्तक

आयकलरच्या पुस्तकाने शिष्टाचाराला मागणी आहे हे सगळ्या प्रकाशकांना दाखवून दिलं. महायुद्ध संपलेलं, नवा पैसा आलेला, परदेशांतून आलेल्या कुटुंबांची पुढची पिढी वर सरकत होती. बायकांना १९२० मध्ये मताचा अधिकार मिळाला होता, त्या ऑफिसात, सभांत दिसू लागल्या होत्या. नव्या खोलीत पाऊल टाकणारा माणूस आधी इकडेतिकडे बघतो की इथले लोक कसे वागतात. अशी लाखो माणसं एकाच वेळी नव्या खोल्यांमध्ये शिरत होती.

फंक अँड वॅग्नल्स या प्रकाशन संस्थेने एमिलींना विचारलं. सांगतात की बाईंनी आधी साफ नकार दिला. शिष्टाचाराची पुस्तकं म्हणजे दिखाऊपणा शिकवणारा प्रकार असं त्यांना वाटायचं. मग त्यांच्याकडे बाजारातलं एक पुस्तक वाचायला पाठवलं गेलं. ते त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या स्वतः लिहायला बसल्या. प्रतिस्पर्ध्याचा माल बघून चीड यावी आणि त्या चिडीतून धंदा सुरू व्हावा, असं होतं कधी कधी.

१९२२ मध्ये पुस्तक आलं. सहाशेहून जास्त पानं. नावातच समाज, व्यवसाय, राजकारण आणि घर असे चार विभाग. कपड्यांवर प्रकरणं, पत्रांवर प्रकरणं, लग्नकार्यं, अंत्यविधी, ओळख करून देणं, सगळं आत. इतकं जाड पुस्तक लोकांनी वाचलं कसं? कारण कादंबऱ्या लिहिण्याचा सराव इथे कामाला आला. त्यांनी नियमांना माणसं दिली. मिसेस वर्ल्डली, मिसेस टॉपलॉफ्टी, प्रेमळ काइंडहार्ट कुटुंब, आणि पैसा आला पण रीत आली नाही असा मिस्टर रिचन व्हल्गर. नावावरूनच पात्र कळावं, जसं आपल्याकडे तमाशाच्या वगात किंवा प्रहसनात असतं.

एका प्रकरणात नवी नवरी पहिल्यांदा बड्या मंडळींना जेवायला बोलावते. शेकोटीचा धूर दिवाणखान्यात भरतो. सूप गढूळ झालंय. माशावरचा सॉस फाटलाय. वाढणारीला वाढायचं कळत नाही. आणि समोर बसलेत ते गावातले सगळ्यात बोलके डोळे. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मग बाई सांगतात की हे टाळायचं कसं. नुसते नियम असते तर कोणी दहा पानांपुढे गेलं नसतं. ट्रेनिंग घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, स्लाइडवर बारा मुद्दे लिहिण्यापेक्षा एक फसलेली मीटिंग नाट्यासारखी करून दाखवली तर बॅच जागी राहते.

पुस्तक बेस्टसेलर झालं. पण बेस्टसेलर तर आयकलरचंही झालं होतं. तरी आज नाव एमिली पोस्ट यांचं घेतलं जातं. माझ्या मते त्याचं कारण पुढे आहे.

पत्रांनी आणलेली गिऱ्हाईक

पुस्तक खपू लागलं तशी पत्रं येऊ लागली. हजारोंनी. आणि त्या पत्रांमधून बाईंना हळूहळू एक अडचण दिसली. त्यांचं पुस्तक लिहिलं होतं बटलर असलेल्या घरासाठी. स्वयंपाकाला एक, वाढायला दुसरा, दार उघडायला तिसरा. पुस्तक विकत घेणाऱ्या बाईकडे यातलं कोणीच नव्हतं! तिलाही नवऱ्याच्या साहेबांना जेवायला बोलवायचं होतं. तीच रांधणार, तीच वाढणार आणि तीच हसतमुखाने टेबलाशी बसून गप्पा मारणार.

इथे दोन रस्ते होते. एक, "आमचं पुस्तक उच्चभ्रूंसाठी आहे" म्हणून नाक वर करायचं. पुष्कळ तज्ज्ञ तेच करतात. दुसरा, गिऱ्हाईक जसं आहे तसं मान्य करायचं. १९२७ च्या आवृत्तीत एक नवं पात्र आलं, 'मिसेस थ्री-इन-वन'. आचारी, वाढपी आणि यजमानीण, तिन्ही एकच बाई. नोकरचाकर नसतानाही पाहुणचार नीटनेटका होतो आणि तो कसा करायचा, हे त्या पात्राच्या तोंडून सांगितलं गेलं. पुस्तक घेऊन मनातल्या मनात खजील होणाऱ्या बाईला त्या दिवशी आपलं नाव पुस्तकात सापडलं.

विचार करा, टक्सेडो पार्कच्या मुलीने हे लिहिलं. स्वतःच्या घरात तिने कधी अशी धावपळ केली नसेल. हे ज्ञान अनुभवाचं नव्हतं, पत्रं वाचण्याचं होतं.

आणखी एक बदल बघा. १९२२ च्या पुस्तकात तरुण मुलीबरोबर वावरणाऱ्या वडीलधाऱ्या सोबतिणीवर एक प्रकरण होतं. अविवाहित मुलीने तिच्याशिवाय कुठे जायचं नाही, असा रिवाज होता. १९२७ मध्ये त्याच प्रकरणाच्या नावात ही सोबतीण 'नाहीशी होत चाललेली' झाली. १९३७ पर्यंत ती 'नाहीशी झालेली' होती. जग बदललं म्हणून बाई रडत बसल्या नाहीत की त्याच्या पुढेही धावल्या नाहीत. लोक जिथे पोहोचलेत तिथे पाटी हलवली. त्यांच्या हयातीत पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या, दहावी १९६० मध्ये. त्याच वर्षी त्या गेल्या.

बाकीचा विस्तार थोडक्यात सांगतो. १९३१ पासून रेडिओ, १९३२ पासून वर्तमानपत्रात स्तंभ, आणि तो दीडशेहून जास्त वर्तमानपत्रांत छापला जायचा. मजकुराचा खर्च किती? वाचकच प्रश्न पाठवत होते. मध्ये १९२५ च्या सुमारास मॅनहॅटनमध्ये आपल्या वर्तुळातल्या लोकांना एकत्र आणून सहकारी तत्त्वावर एक इमारतही उभारली आणि स्वतः तिथे राहायला गेल्या. १९४६ मध्ये मुलाबरोबर 'एमिली पोस्ट इन्स्टिट्यूट' सुरू केली. त्यांच्यानंतर पुस्तकाची जबाबदारी नातसुनेने, मग पणतसुनेने घेतली. आज खापरपणतू-पणती ती चालवतात, बिझनेस एटिकेटचे वर्ग घेतात, इतरांना ट्रेनर बनवतात. २०२२ मध्ये शताब्दी आवृत्ती आली. त्यांचा पॉडकास्टही आहे, आणि त्यात काय असतं? श्रोत्यांचे प्रश्न.

आता आपल्या गावात

आपल्याकडे हा विषय म्हटलं की मुंबईच्या सबीरा मर्चंट आठवतात. इंग्रजी रंगभूमी, दूरदर्शनवरचा 'व्हॉट्स द गुड वर्ड' हा शब्दांचा कार्यक्रम, आणि मिस इंडियाच्या स्पर्धकांना उच्चार व वावर शिकवणं, असं त्यांचं काम. मोठं काम आहे. पण त्यांच्याकडे बघून आपल्याकडचे नवे ट्रेनर एक गल्लत करतात. सौंदर्यस्पर्धेचा अभ्यासक्रम उचलतात आणि तालुक्याच्या गावी आणतात. पहिल्या दिवशी काटा-चमचा, दुसऱ्या दिवशी वाइनचा ग्लास कसा धरायचा. समोर बसलेल्या मुलाची मुलाखत एमआयडीसीतल्या कारखान्यात आहे, जिथे एचआरचा माणूस त्याला प्लास्टिकच्या कपातला चहा देणार आहे!

त्याचे खरे प्रश्न वेगळे आहेत. वयाने मोठ्या सुपरवायझर बाईंना 'मॅडम' म्हणू की 'ताई'? कस्टमर वडिलांच्या वयाचा असेल तर 'काका' चालतं का? साहेबांना रात्री दहाला व्हॉइस नोट टाकली तर चालेल का? बाइकवरून घामाघूम होऊन क्लायंटकडे पोहोचलो तर आत जाण्याआधी पाच मिनिटांत काय करायचं? एकच फॉर्मल शर्ट आहे आणि मुलाखतीच्या फेऱ्या तीन आहेत, मग? या प्रश्नांची उत्तरं कोणत्याही परदेशी पुस्तकात नाहीत. ती तुम्हाला तयार करावी लागतील. हेच तुमचं प्रॉडक्ट.

म्हणून सर्टिफिकेटच्या आधी एक वही घ्या. महिनाभर लोकांना एकच विचारा, "कुठे अवघडल्यासारखं होतं?" मोबाइल शोरूमचा सेल्समन, नर्सिंगची विद्यार्थिनी, विमा एजंट, बँक्वेट हॉलमध्ये वाढणारी मुलं, टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, सुधारून लिहू नका. शंभर नोंदी झाल्या की दहा-बारा प्रश्न पुन्हा पुन्हा येताना दिसतील.

भीतीबद्दलही बोलू. आयकलरची जाहिरात लाजेवर चालली आणि आजही अनेक जण तेच करतात. "तुमच्या इंग्रजीमुळे तुमचं प्रमोशन अडलंय", "लोक तुम्हाला पाहून हसतात". अशा रीलला व्ह्यूज मिळतात, ॲडमिशनही मिळतात. पण आलेला मुलगा आधीच चेपलेला असतो. त्याला तुम्ही अजून चेपलंत तर तो मित्राला घेऊन येत नाही. लहान गावात तर जाहिरातीचं बजेट नसतंच, सगळा धंदा तोंडी चालतो. तेव्हा जाहिरातीत अडचण जरूर दाखवा, माणसाला हिणवू नका. मुलीला फ्रेंच येत नाही हा तिचा दोष नव्हता, हे एमिलींच्या पद्धतीतून शिकण्यासारखं आहे.

राहिला प्रश्न पैशांचा. विद्यार्थ्याकडून फी घ्यायची तर ती कमी ठेवावी लागते आणि वसुलीचा त्रास वेगळा. त्यापेक्षा ज्याचं नुकसान होतंय त्याला गाठा. साड्यांच्या शोरूमचा मालक रोज बघतो की गिऱ्हाईक आत येतं आणि सेल्समनचा चेहरा बघून बाहेर जातं. हॉस्पिटलच्या मॅनेजरला माहीत असतं की रिसेप्शनवरच्या बोलण्यावरून नातेवाईकांची किती भांडणं होतात. त्यांना 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट' विकू नका. "तुमच्या आठ माणसांना गिऱ्हाईकाचं स्वागत, तक्रार ऐकणं आणि नीटनेटकं दिसणं, या तीन गोष्टी चार बैठकांत शिकवतो, दुकान उघडायच्या आधी एक तास," असं सांगा. मालकाला ते कळतं.

त्यासाठीचं कोटेशन कसं लिहायचं, किती माणसं, किती तास, प्रवासखर्च कोणाचा, आणि ॲडव्हान्स किती मागायचा, हे पुढच्या व्हिडिओत फळ्यावर आकडे मांडून दाखवतो. तोपर्यंत वहीत निदान वीस नोंदी झालेल्या असू द्या.